सिगिरिया: आईला सिंहाच्या पंजांपर्यंत नेता येईल का?

मंडळी, फेब्रुवारीत श्रीलंकेला जातोय. मुक्काम दांबुल्ल्यात, सिगिरियाच्या प्राचीन खडक-किल्ल्यासाठी एकच सकाळ. सोबत आई, वय 66. गुडघे कुरकुरतात, पण पर्वतीच्या 103 पायऱ्या थांबत-थांबत चढते. इथे मात्र साधारण 1200 आहेत म्हणे! माथ्यावरचा कश्यप राजाचा महाल तिने नाही पाहिला तरी चालेल. भित्तिचित्रंही बघायची आहेत, पण माथ्याच्या खालच्या टप्प्यावरचे ते सिंहाचे पंजे तिला बघायचेच आहेत.

भरपूर व्हिडिओ पाहिले. सगळे धापा टाकत थेट माथ्यावर, मधलं कुणी नीट दाखवत नाही. हॉटेलवाल्याला विचारलं तर "नो प्रॉब्लेम सर" एवढंच. शेजारचा पिदुरंगला खडक सुचवू नका, तिथे शेवटी हातापायांनी खडक चढावा लागतो.

चित्रांकडे जाणारा लोखंडी गोल जिना टाळून, आरसाभिंतीच्या (वाटेतली जुनी, गुळगुळीत भिंत) कडेने सरळ पंजांपाशी जाता येतं का? चित्रं मी एकटा बघून येईन, तिचं जमलं तर नंतर बघू. मी वर माथ्यावर जाऊन येईपर्यंत, तासभर तरी, तिला तिथे सावलीत बसायला जागा असते का? आणि तिला मध्येच परतावंसं वाटलं, तर उतरायची वाट वेगळी आहे की चढणाऱ्यांच्या गर्दीतूनच खाली यावं लागतं?