'होल्ड' म्हणजे नेमकं काय? सोस्यूरचं भाषाशास्त्र कारखान्यात चालेल का?

गुणवत्तावाला
चाकणच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला होतो तेव्हाची गोष्ट. ब्रॅकेटच्या एका लॉटमध्ये भोकांचं माप संशयास्पद वाटलं, म्हणून डिस्पॅचच्या ग्रुपवर टाकलं, 'लॉट होल्ड करा.' समोरून अंगठा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी माल गाडीत भरून रवाना झाला आणि ग्राहकाने अख्खा लॉट परत पाठवला. डिस्पॅचचा माणूस म्हणाला, 'साहेब, तुम्ही होल्ड म्हणालात, म्हणून तर काल नाही पाठवला.' त्याला मेमो मिळाला. तो मेमो मला आजही पटत नाही.

का पटत नाही, ते स्विस भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर वाचताना कळलं. त्याच्या मृत्यूनंतर, विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून १९१६ साली जे पुस्तक निघालं, त्यात तो म्हणतो की शब्दाचं मूल्य त्याच्या शेजारच्या शब्दांमुळे ठरतं. आपल्याकडचंच बघा. हिंदीतल्या एका 'कल'ची जागा मराठीत 'काल' आणि 'उद्या' यांनी वाटून घेतली आहे. क्वालिटीत 'होल्ड'चे शेजारी आहेत ओके, रिवर्क, रिजेक्ट. तिथे होल्ड म्हणजे निर्णय होईपर्यंत हात लावायचा नाही. डिस्पॅचमध्ये त्याचे शेजारी आहेत लोड, अर्जंट, उद्याची गाडी. तिथे होल्ड म्हणजे आज नको. शब्द एकच, पण घरं दोन. यात त्या माणसाची चूक कुठे आहे?

माझं म्हणणं असं, की दोन विभागांमध्ये येजा करणारे दहा-बारा शब्द एकत्र बसून पक्के करावेत आणि उत्तर म्हणून अंगठा बंद करावा. ऐकलेलं परत म्हणून दाखवावं. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर दोन जम्बो विमानं धडकून ५८३ माणसं गेली. एका वैमानिकाने आपण 'टेकऑफ'ला आहोत असं सांगितलं, टॉवरने आधी 'ओके' म्हटलं. वैमानिकाची धाव सुरू झाली होती, टॉवरला वाटलं तो परवानगीची वाट बघत उभा आहे. त्यानंतर 'टेकऑफ' हा शब्द फक्त प्रत्यक्ष उड्डाणाच्या परवानगीसाठी राखून ठेवला गेला.

रात्रपाळी
असहमत. टेनेरिफची अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच कॉकपिटमध्ये फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं की समोरचं विमान अजून धावपट्टीवरून गेलं नाही का. कॅप्टनने ठामपणे उडवून लावलं आणि तो गप्प बसला. त्याला कुठल्या शब्दाची कमतरता होती?

मी नर्स आहे. पेशंटचं बीपी पडतंय हे सांगायला लागणारे सगळे शब्द मला येतात. तरीही रात्री तीन वाजता झोपेतून उठवलेल्या डॉक्टरांना 'सर, जरा बघून जाता का?' एवढंच तोंडातून निघतं, कारण मागच्या वेळी ओरडा खाल्लेला असतो. तुमच्या यादीत 'जरा'चा अर्थ काय लिहिणार?

गुणवत्तावाला
भीती खरी आहे, मान्य. पण तिच्यावरसुद्धा शब्दाचा उपाय चालतो. जानेवारी १९९० मध्ये एव्हिएंका या कोलंबियन कंपनीचं विमान न्यूयॉर्कजवळ इंधन संपून पडलं, ७३ जण गेले. वैमानिकांनी 'प्रायॉरिटी' मागितली होती, इंधन संपत आल्याचंही सांगितलं होतं. 'इमर्जन्सी' हा शब्द मात्र उच्चारला नाही, आणि नियंत्रकांची यंत्रणा त्या शब्दावर हलते. ठरलेला शब्द असला की धाकट्या माणसाला धीर गोळा करत बसावं लागत नाही.

मम्मटवाचक
दोघांशीही थोडा वाद आहे. मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने 'काव्यप्रकाश' या ग्रंथात 'गतोऽस्तमर्कः' हे उदाहरण दिलं आहे. सूर्य मावळला, एवढंच वाक्य. पण ऐकणाऱ्यागणिक अर्थ वेगळा: गुरं आत घ्या, विकायचा माल आवरा, आता काम थांबवू. सुमारे नऊशे वर्षांपूर्वी त्याला कामावरची भाषा नीट कळली होती! अभिधा, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ, यादीत मावते; व्यंजना, म्हणजे सुचवलेला अर्थ, मावत नाही. तुम्ही 'होल्ड' पक्का केलात की उद्या 'बघतो' अडेल, परवा 'झालंच आहे' अडेल. त्या डिस्पॅचवाल्याला एकदा तुमच्या टेबलाशी नेऊन भोकाचं माप तपासायचा गेज हातात दिला असता, तर यादी लागली नसती.

डबलबेल
माझे वडील एसटीत कंडक्टर होते. एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. दोनच का, याला काही कारण नाही. सोस्यूर ज्याला यादृच्छिक म्हणतो ते हेच. पण घाटात, भरलेल्या गाडीत, मागून ओरडून काही कळत नाही तिथे ती दोरी पुरते. ड्रायव्हर अंगठा दाखवत नाही, त्याचं उत्तर म्हणजे गाडी हलते. मम्मटवाचक, गप्पांना व्यंजना हवीच. घंटेला नको. गुणवत्तावाल्यांना +१.

रात्रपाळी
डबलबेल, तुमच्या वडिलांना एक घंटा मारल्याबद्दल ड्रायव्हर कधी रागावला का? नसेल, तर ती घंटा त्यामुळे चालत होती. गुणवत्तावाला, खरं सांगा. त्या माणसाने 'साहेब, होल्ड म्हणजे किती दिवस?' असं विचारलं असतं, तर तुम्ही काय म्हणाला असता?

गुणवत्तावाला
चिडलो असतो. 'एवढंही कळत नाही का' म्हणालो असतो. हे लिहिताना जड जातंय, पण तसंच झालं असतं.

तरी यादी सोडत नाही. आता मी 'होल्ड' एकटा लिहीत नाही. 'लाल टॅग, वेगळा ठेवा, क्वालिटीच्या सहीशिवाय हलवू नका' असं लिहितो. आणि मम्मटवाचकांचं ऐकून पुढच्या आठवड्यात डिस्पॅचच्या दोघांना गेज दाखवायला बोलावतोय.

रात्रपाळी
हे आवडलं. फक्त एक सांगा, रात्रपाळीला ती सही करायला कोण असतं?