ब्रश रात्रभर भिजवू नयेत
मेकअपचे ब्रश शाम्पूच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवण्याचा जो उपाय काही जण सुचवतात, तो सोपा असला तरी माझ्या मते टाळावा, कारण दांड्याजवळच्या धातूच्या नळीत पाणी शिरले की आतला गोंद सैल होतो आणि ब्रशचे केस गळू लागतात. त्याऐवजी ब्रशचे टोक खाली धरून फक्त केस कोमट पाण्याने ओले करावेत, तळहातावर सौम्य शाम्पूचा थेंब घेऊन त्यात ते हळुवार गोल फिरवावेत आणि निथळणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवावेत. फाउंडेशनचा ब्रश दर ७ ते १० दिवसांनी धुवावाच. मुरुमांचा त्रास असणाऱ्यांनी तर यात मुळीच हयगय करू नये. वाळवताना ब्रश उभे न ठेवता टॉवेलवर आडवे ठेवावेत.