पुण्यात खाल्लेला कॅल्झोन : तुमचे अनुभव लिहा

पिझ्झा आपल्याकडे आता गल्लोगल्ली मिळतो. मेनूकार्डात त्याच्याच खाली कॅल्झोन असतो, पण तिकडे फारसं कुणी वळत नाही. कर्वेनगरातल्या एका छोट्या दुकानात आम्ही तो मागवला आणि मला मनापासून आवडला. पीठ पिझ्झाचंच, यीस्टने फुगवलेलं. गोल लाटून अर्ध्यावर चीज आणि सारण घालायचं, उरलेला अर्धा भाग वर दुमडायचा, कडा बंद करायच्या आणि भट्टीत भाजायचं. तुम्ही कसा खाल्लात, काय जमलं होतं, काय बिघडलं होतं, सविस्तर लिहा. बिघडलं असेल तर दुकानाचं नाव नको, पदार्थाबद्दल बोलू.

सहकारनगर
आम्ही पनीर आणि सिमला मिरचीचा घेतला होता. ताटलीत आला तेव्हा वर तपकिरी फोड आलेले, मधोमध सुरीची चीर, आणि त्या चिरेतून उतू आलेलं चीज कडेला करपून कुरकुरीत झालेलं. त्या करपलेल्या तुकड्यावरून मुलींची खेचाखेच झाली. सासरे चीजच्या वाटेला सहसा जात नाहीत. त्यांनी नुसती कड मोडून तोंडात टाकली, म्हणाले, "अगं, ही तर करंजीच, फक्त मुरड घालायची राहिली." मग निम्मा त्यांनीच संपवला. एक सांगते, कापल्यावर लगेच खाऊ नका. आतली वाफ जोरात येते, जीभ पोळते. थोडं थांबलं की चीजही जरा आळतं आणि सारण सांडत नाही.

विमाननगर
आमचा फसला. मश्रूम होते, तळ पार ओला, हातात धरवेना. परत सांगितल्यावर काउंटरवरच्या मुलाने काहीही कुरकुर न करता दुसरा करून दिला, कॉर्न-पालकाचा. तो छान होता.

कोथरूड
मी पिझ्झाच्या किचनमध्ये काम केलं आहे, म्हणून वरच्या मश्रूमचं कारण सांगतो. पिझ्झा वरून उघडा असतो, भाज्यांना सुटलेलं पाणी भट्टीत उडून जातं. कॅल्झोन बंद, त्यामुळे ते पाणी तळात मुरतं. मश्रूम, पालक, टोमॅटो आधी पॅनमध्ये परतून कोरडे करून घ्यावेच लागतात. सॉसही आत जेमतेम चमचाभर, बाकीचा वाटीत बाजूला. कडेला बोटभर जागा कोरी ठेवायची. तिथे तेल किंवा सॉस लागला की कड चिकटत नाही, आणि भट्टीत उलते. दुमडताना आतली हवा हाताने बाहेर काढायची, कड दाबून आत वळवायची, वर चीर द्यायची.

आचेचंही तसंच. इटलीतल्या नेपल्सच्या लाकडाच्या भट्टीत चारशे अंशांच्या वर तापमान असतं, पिझ्झा 60 ते 90 सेकंदांत होतो. भरलेला जाड कॅल्झोन इतक्या घाईत काढला तर वरून काळा आणि आत गार राहील. त्याला थोडी मंद आच आणि जास्त वेळ लागतो. शनिवारी संध्याकाळी गर्दीत तेवढा वेळ मिळत नाही, म्हणून खरंच चांगला खायचा असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा.

औंध
कामानिमित्त नेपल्सला राहिले आहे. पदार्थ मूळचा तिथलाच. तिथे आत रिकोटा, मोझरेला आणि सलामी (खारवून सुकवलेलं मांस) असते, शिवाय तळलेला प्रकारही आवडीने खातात. दक्षिणेकडच्या पुल्या भागात त्याचे छोटे तळलेले भाऊबंद मिळतात, पांझेरोत्ती. नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला 2017 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली, आणि ते हात काम करताना पाहिले की का ते कळतं.

चीज करताना उरलेल्या निवळीपासून रिकोटा करतात, मऊ, किंचित गोडसर. पुण्यात त्याच्या जागी बहुतेक ठिकाणी पनीर येतं, त्याला माझी हरकत नाही. पण चौकोनी तुकडे नकोत! ताजं पनीर हाताने कुस्करून, मीठ-मिरपूड घालून भरलं तर चीजमध्ये छान मिसळतं. बाणेरला एका ठिकाणी मी तसं करून मागितलं आणि त्यांनी आनंदाने करून दिलं.

नारायण पेठ
आई कांदा-लसूण खात नाही. पिझ्झाच्या तयार सॉसमध्ये लसूण असतोच, त्यामुळे तिला नेहमी उपाशी बसावं लागायचं. कॅल्झोन ऑर्डर आल्यावरच भरतात आणि सॉस वेगळा देतात, म्हणून तिच्यासाठी बिनसॉसचा, नुसतं चीज, कॉर्न आणि तुळशीच्या जातीची ती बेझिलची पानं घालून करून मिळाला. आधी विचारून घ्या मात्र.

सिंहगड रोड
रूमवर पार्सल आणणाऱ्यांसाठी : डबा रस्त्यात थोडा उघडा ठेवा, नाहीतर वाफेने वरचा पापुद्रा लिबलिबीत होतो. रूमवर आल्यावर लोखंडी तव्यावर मंद आचेवर ठेवा, झाकण न घालता. तळ परत कुरकुरीत होतो. मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, चामट होतो. आणि एकट्याने खायला तो जास्तच होतो, दोघांत एक पुरतो.