बेळगावचं पिंपरी-चिंचवड कुणासाठी करायचं?

वडगावकर
काल वाकडवासी यांनी लिहिलं की बेळगावच्या मराठी माणसानं शिवाराला कवटाळून बसणं सोडावं, रिंगरोड होऊ द्यावा, त्याच्या कडेनं आयटी पार्क आणावं आणि बेळगावचं पिंपरी-चिंचवड करावं. वाचल्यापासून डोकं फिरलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

पिंपरी-चिंचवड मी जवळनं बघितलंय. मुलगा रहाटणीत राहतो. आशियातली श्रीमंत महापालिका म्हणून मिरवलेलं शहर, आणि नोव्हेंबर २०१९ पासून नळाला दिवसाआड पाणी. सून पहाटे उठून पिंपं भरते. याच शहराला पवनेचं पाणी बंद पाइपातनं न्यायचं ठरलं, तेव्हा मावळातले शेतकरी रस्त्यावर उतरले. ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. ज्या हिंजवडीचं आयटी पार्क म्हणून कौतुक चाललंय, ती इतकी वर्षं ग्रामपंचायतीच्याच हद्दीत. कंपन्या आल्या, रस्ता-गटाराचं कुणी बघितलं नाही.

आमचं शिवार काय आहे ते सांगतो. भात कापला की त्याच ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा. पाणी द्यावं लागत नाही. जानेवारीत ढेकूळ उचला, आतनं गार लागतं. हलगा-मच्छे बायपासला शेजारच्या तुकड्यात जेसीबी घातला तेव्हा भात पोटरीत होता, कणसं बाहेर पडायची होती. चार दिवस तिकडं बघायचं धाडस झालं नाही.

वाकडवासी
काका, तुमचं दुःख मी नाकारत नाही. पण माझंही ऐका. व्हीटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ, १९९८ पासून आपल्या दारात आहे. कर्नाटकातल्या बहुतेक इंजिनिअरांच्या पदव्या बेळगावच्या नावानं निघतात, आणि आपलीच पोरं पदवी हातात पडली की रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुणं नाहीतर बंगळूर गाठतात. मी तेच केलं. बाबांना अटॅक आला त्या रात्री मी गाडीत होतो. कोल्हापूरच्या अलीकडं, किणीच्या टोलनाक्यावर फोन आला की आता घाई करू नको. तुमच्या मसुरीनं ती रात्र मला परत मिळत नाही. आणि बेळगावचा वासाचा बासमती तांदूळ म्हणून सगळे मिरवतात, तो तरी राहिलाय कुठं?

उद्यमबागवाला
तंत्रज्ञान म्हणजे खुर्चीत बसून कॉम्प्युटर, एवढंच तुमच्या डोक्यात आहे. उद्यमबागेत, आपल्या औद्योगिक वसाहतीत, फौंड्र्या आहेत, हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बनतात. हत्तरगीला एक्वस कंपनीत एअरबसच्या विमानांचे भाग तयार होतात. माझ्याकडं दोन व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी धातू कापायची मशिनं आहेत, एक सहा महिने झाकून ठेवलंय, कारण ऑपरेटर मिळत नाही. पोरगा येतो, शिकतो आणि चाकणला जातो.

वाकडवासी
चाकणला जातो कारण तिथं पगार मिळतो! तुम्ही काय देता तेही लिहा की.

उद्यमबागवाला
कमी देतो, मान्य. ऑर्डरचे पैसे नव्वद दिवसांनी येतात, त्यातनं कुठनं देऊ?

शहापूरकर
मुद्दा भलतीकडंच चाललाय. भूसंपादनाची नोटीस माझ्या वडिलांना कन्नडमधनं आली. सत्तरीचा माणूस, चौथी मराठी शाळेत शिकलेला. हरकत घ्यायची मुदत कधी संपली ते त्यांना कळलंच नाही. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. तोवर जमीनही गेली आणि भाषाही गेली, तर उद्या निकाल आपल्या बाजूनं लागून उपयोग काय?

वाकडवासी
नोटीस मराठीत मिळालीच पाहिजे, यात दुमत नाही. पण आयटीत काम इंग्रजीतनं चालतं. आपल्या पोरांना इथं भाषेची आडकाठी नसलेली हीच एक नोकरी आहे.

येळ्ळूरकर
बासमती कुठं राहिला म्हणून कोण बोलूलाय? माझ्या दीड एकरात आहे. उंच वाढतो, वारा आला की लोळतो, पोती निम्मी उतरतात, तरी लावतो. बळ्ळारी नाल्याचं पाणी तुंबून दोन वर्षं रोपं कुजली, तरी सोडला नाही. पुण्यात बसून आमच्या तांदळाला नाही म्हणायचं काम नाही.

हिंडलग्याची सून
भाऊ, रागावू नका, पण गेल्या वर्षी बेळगाव बासमती म्हणून मी पंधरा किलो घेतला. शिजवला तर वासाचा पत्ता नाही. सासूबाई म्हणाल्या, पूर्वी एका घरी भात चढला की गल्लीला कळायचं.

येळ्ळूरकर
घेतला कुठनं? दुकानातनं ना? मग मिसळलेला असणार. वहिनी, पिकवणाऱ्याला कशाला बोल लावता?

हिंडलग्याची सून
पिकवणाऱ्यानंच वरनं युरिया मारला, तर वास राहील का? माझं माहेर धामण्याचं आहे, मला शेती शिकवू नका.

येळ्ळूरकर
युरिया मी मारत नाही. शेणखत घालतो. इथले काही जण मारतात, तेवढं खरं आहे.

उद्यमबागवाला
तांदळावर वीस जण बोलतील, व्हीएमसीवर एकही नाही.

वडगावकर
वाकडवासी, वडिलांचं मला ठाऊक नव्हतं. काल रागात होतो. तुमच्या पोरांना इथं काम मिळू नये असं मी कधीच म्हणणार नाही. होनगा, कणगला, हत्तरगीकडं माळ आहे, तिथं काय हवं ते आणा, मी स्वतः अर्जावर सही करतो. पण वडगाव-शहापूरच्या शिवारातला एक गुंठाही नाही. यावर मी मागं हटणार नाही.

वाकडवासी
माळावर कंपनी येईपर्यंत माझा मुलगा दहावी होईल, काका. तरी सहीला मीही येतो. शिवाराबद्दल मात्र माझं मत अजून तेच आहे.

येळ्ळूरकर
वहिनी, यंदा कापणी झाली की या. पोतं तुमच्यासमोर फोडतो. आमच्याच चुलीवर शिजवा आणि मग बोला.