मदत हवी आहे: स्ट्रॅटोनिकियाच्या नाण्यांवरचा गेटा कोणी खरवडला?

नमस्कार मंडळी,

रोमन साम्राज्यातल्या शहरांच्या नाण्यांवर एक टिपण लिहितोय आणि एका मुद्द्यावर गाडी अडली आहे. नाणेशास्त्रातल्या जाणकारांनी कृपया मदत करावी.

स्ट्रॅटोनिकिया हे कॅरियातलं, म्हणजे आजच्या नैऋत्य तुर्कस्तानातलं शहर. रोमन सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात तिथे मोठी कांस्य नाणी पाडली गेली. त्यांवर कॅराकॅला आणि गेटा हे त्याचे दोन मुलगे समोरासमोर आहेत. इ.स. २११च्या फेब्रुवारीत सेव्हेरस वारला, भाऊ जोडीने सम्राट झाले आणि डिसेंबरात कॅराकॅलाने गेटाला आईच्या कुशीत ठार करवलं. मग त्याचं नामोनिशाण पुसायचं फर्मान निघालं. रोममधल्या सेव्हेरसच्या कमानीवरही गेटाचं नाव काढून तिथे दुसरा मजकूर कोरला आहे.

स्ट्रॅटोनिकियाच्या अनेक नाण्यांवर गेटाची अर्धी बाजू छिन्नीने साफ केलेली दिसते. कॅराकॅला मात्र शाबूत, समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत उभा. पर्गमॉन या दुसऱ्या शहराच्या काही नाण्यांचीही हीच गत. पण इतर कितीतरी शहरांच्या नाण्यांवर गेटाला धक्काही लागलेला नाही!

म्हणूनच मला हा थेट रोमचा हुकूम वाटत नाही. तसा असता तर सगळीकडे सारखीच खाडाखोड दिसली असती. ही कांस्य नाणी शहराच्या नावाने निघत, मजकूर ग्रीक, त्यावर बऱ्याचदा स्थानिक अधिकाऱ्याचं नाव, आणि ती फिरतही आसपासच. ती गोळा करून खरवडणं नगरसभेला जमण्यासारखं होतं. नव्या धन्याला निष्ठा दाखवायची निकड तिला असणारच. उलट त्याच काळातला रोमन इतिहासकार डिओ कॅसियस सांगतो की कॅराकॅलाने गेटाची नाणी वितळवली, तरी गेटाचे चांदीचे दिनार आजही भरपूर मिळतात. साम्राज्यभर पसरलेली चांदी परत कोण गोळा करणार?

आता माझी अडचण. स्ट्रॅटोनिकियाच्या या नाण्यांवर नंतर मारलेले छोटे ठसे आहेत, एकात शिरस्त्राण घातलेलं डोकं, दुसऱ्यात 'थेऊ' (म्हणजे 'देवाचा') ही ग्रीक अक्षरं. ते खरवडण्याच्या आधीचे की नंतरचे? नंतरचे असतील तर शहराने नाणं तपासून पुन्हा चलनात सोडलं असं म्हणता येईल आणि माझा तर्क टिकेल. आधीचे असतील तर खरवडणारा एखादा घाबरलेला दुकानदारही असू शकतो.

ठसा खरवडलेल्या जागेवरच पडलाय असा एखादा नमुना कोणी पाहिलाय का? संग्रहालयाचं नाव किंवा स्पष्ट फोटो मिळाला तरी पुष्कळ आहे.