मदत हवी आहे: नव्या ४३ इंची टीव्हीवर केबलचं चित्र जुन्या ट्यूबवाल्यापेक्षा खराब का दिसतंय?

नमस्कार मंडळी,

साताऱ्याला आई-बाबांसाठी ४३ इंची फोर के टीव्ही घेतला. आधीचा २१ इंची ट्यूबवाला पार थकला होता. नव्यावर यूट्यूब लावलं की चित्र लख्ख दिसतं, पण केबल लावली की सगळं बिघडतं. मालिकेतल्या साड्यांच्या काठावरची नक्षी जाऊन नुसता पिवळा पट्टा उरतो. बातम्यांच्या खाली सरकणाऱ्या पट्टीत 'द्ध' आणि 'द्व' वेगळे ओळखू येत नाहीत, अक्षरांच्या कडांना रंगीत ठिपके चालताना दिसतात. क्रिकेटमध्ये चेंडू उंच गेला की मागे शेपूट.

बाबा म्हणतात, "जुनाच बरा होता." मला ते फार लागलं, कारण शेजारी उभं राहून पाहिलं तर त्यांचं म्हणणं खरंच आहे.

सेट टॉप बॉक्स जुना, साधा आहे. पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीने जोडलाय. सोफा टीव्हीपासून साडेसहा फुटांवर, मागे भिंत, त्यामुळे सरकवायला जागा नाही. केबलवाला म्हणतो सिग्नल फुल्ल आहे, दुकानदार म्हणतो पॅनेल उत्तम आहे. एचडी बॉक्स घेतला तर फरक पडेल, की महिन्याचा खर्च तेवढा वाढेल? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

केबलवाला आणि दुकानदार दोघंही खरं बोलतायत, आणि बाबाही.

साध्या, म्हणजे एचडी नसलेल्या वाहिनीचं चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आतबाहेर. तुमच्या पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख ठिपके आहेत. दर वीस ठिपक्यांमागे एकोणीस टीव्ही अंदाजाने भरतो. साडीची नक्षी तिथेच हरवते. ट्यूबवाल्याला हा उद्योग नव्हता, आलेल्या ओळी तो तशाच काढायचा आणि कडा थोड्या मऊ दिसायच्या.

दुसरं कारण अंतराचं, आणि माझ्या मते तेच मोठं. साधं चित्र पडद्याच्या उंचीच्या साधारण सहापट लांबून बघण्यासाठी ठीक, एचडी तिप्पट अंतरावरून. २१ इंची ट्यूबची दिसणारी उंची सुमारे ३० सेंटिमीटर, सहापट म्हणजे सहा फूट. तुमचा सोफा तेव्हा अगदी योग्य जागी होता! ४३ इंचीची उंची ५३ सेंटिमीटरच्या पुढे, म्हणजे साध्या वाहिनीसाठी साडेदहा फूट हवेत. एचडीला सव्वापाच फूट पुरतात. घर तेवढंच आणि टीव्ही मोठा, त्यामुळे एचडी बॉक्स घ्याच.

सिग्नल फुल्ल असण्याचा आणि बारकाव्यांचा संबंध नाही. डिजिटल सिग्नल कमी पडला तर चित्राचे चौकोन तुटतात किंवा ते थांबतं, धूसर होत नाही.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत, पण बॉक्स येईपर्यंत हे करून बघा. पिक्चर मोड 'व्हिव्हिड'वर असेल तर 'सिनेमा' किंवा 'स्टँडर्ड' करा. दुकानातल्या झगमगाटासाठी व्हिव्हिड ठीक, घरात नको. शार्पनेस बराच खाली आणा; तो वाढवला की बारकावे येत नाहीत, कडांना पांढरी रेघ येते. चेंडूच्या शेपटासाठी मोशन स्मूदिंगसारखं (हालचाल गुळगुळीत दाखवणारं) जे काही असेल ते बंद करून पाहा.

रंगीत ठिपके मात्र त्या पिवळ्या वायरीचे. उजेड आणि रंग दोन्ही एकाच तारेतून येतात, ते टीव्हीला पुरते वेगळे करता येत नाहीत. एचडीएमआय नावाच्या डिजिटल वायरीने जोडलं की हा त्रास जातो.

नवा बॉक्स आला की त्याच्या मेनूत जाऊन आउटपुट १०८०आय (एचडी चित्र) आणि १६:९ (रुंद पडद्याचा आकार) आहे ना ते बघा. आणि एचडी वाहिनीचा क्रमांक वेगळा असतो, पैसेही वेगळे. बॉक्स एचडी घेऊन जुन्याच क्रमांकावर बघत बसलेली घरं मी पाहिली आहेत.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. मोड आणि शार्पनेस फोनवरून आईकडून बदलून घेतलं, चेहरे आता माणसांचे वाटतात. पट्टी अजून धूसर आहे, तेव्हा बॉक्स मागवतोय. फक्त बाबांच्या बातम्या आणि आईची मालिका ज्या वाहिन्यांवर असतात, त्यांची एचडी असेल तरच घेईन, सगळा पॅक नको.

एकच शंका उरली. आई दुपारी जुन्या मालिकांचं पुनःप्रक्षेपण बघते. ते एचडी वाहिनीवर सुधारेल का?

प्रतिसाद

फारसं नाही. साध्या दर्जाच्या व्हिडिओ टेपवर चित्रित झालेल्या मालिकेत मुळातच साध्या वाहिनीइतकेच ठिपके आहेत. जुने चित्रपट मात्र ३५ मिमी फिल्मवर असायचे, त्यात बारकावे भरपूर. निगेटिव्हवरून नीट नव्याने स्कॅन केलेला १९७० च्या दशकातला चित्रपट २००३ च्या मालिकेपेक्षा कितीतरी स्वच्छ दिसतो. जुन्या मालिकेचं चित्र कमी रुंद असतं, त्यामुळे बाजूला काळे पट्टे आले तर येऊ द्या. चित्र ताणून पडदा भरू नका, माणसं रुंद होतात.