मदत हवी आहे : तिसरे वर्ष पूर्ण होण्याआधीच मुळासकट पडू लागलेले दुधाचे दात

नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातील एका गावात राहते. माझी मुलगी आज तीन वर्षे आठ महिन्यांची आहे आणि तिचे चार दुधाचे दात पडून गेले आहेत. खालचे मधले दोन दात गेल्या उन्हाळ्यात, ती पावणेतीन वर्षांची असताना, पंधरा दिवसांच्या अंतराने पडले. त्यांच्या शेजारचा एक दिवाळीत पडला आणि वरचा मधला एक गेल्या महिन्यात. एकाही दाताला कीड नव्हती, ती कुठे आपटली नव्हती, आणि हिरडीतून रक्तही नावापुरतेच आले. पहिला दात तर ओली बिबडी खाता खाता तिने स्वतःच तोंडातून काढून माझ्या हातात दिला. ती रडली नाही, म्हणून मीही त्या दिवशी फारशी घाबरले नाही.

पण तो दात नीट पाहिला तेव्हा मनात शंका आली, कारण त्याला लांब, टोकदार आणि पूर्ण मूळ होते. माझ्या मोठ्या मुलाचा पहिला दात सहाव्या वर्षी पडला होता, तेव्हा हातात आली होती ती केवळ टोपीसारखी एक कपची. खालून कायमचा दात वर येऊ लागला की दुधाच्या दाताचे मूळ हळूहळू विरघळत जाते, असे तेव्हा आम्हाला समजावून सांगण्यात आले होते. मग हिच्या दाताचे मूळ जसेच्या तसे असताना तो पडलाच कसा? सासूबाईंनी रीतीप्रमाणे दात धाब्यावर टाकायला सांगितला आणि मला धीरही दिला, "दात लवकर पडनात, ते लवकर येतीन, काळजी नको करू माय." त्यांचा शब्द मी सहसा मोडत नाही, परंतु तो दात मी कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवला आणि पुढचे तिन्हीही त्याच डबीत जपून ठेवले.

ज्या दंतवैद्यांना आम्ही प्रथम दाखवले, त्यांनी डबी उघडूनही न पाहता "खेळताना मार लागला असेल, सहाव्या-सातव्या वर्षी नवे येतील" असे सांगितले, आणि आम्ही तेवढ्यावर विश्वास ठेवून आठ महिने घालवले. त्या आठ महिन्यांची मला आजही हळहळ वाटते. वरचा दात पडल्यावर दुसऱ्या दंतवैद्यांकडे गेलो, तेव्हा त्यांनी चारही दात हातात घेऊन बराच वेळ पाहिले, एक्स-रे काढला आणि विचारले की मुलगी चालायला केव्हा लागली, रात्री पाय दुखतात का, पूर्वी कधी रक्त तपासले आहे का. ती दीड वर्षाची झाल्यावर चालू लागली होती, आणि बाजारात थोडे अंतर चालले की अजूनही कडेवर घ्यायला सांगते. आम्ही याला तिचा लाडिकपणा समजत होतो.

घरी येऊन मी तिच्या तापाच्या वेळचा जुना अहवाल शोधला. त्यात अल्कलाइन फॉस्फटेज या रक्तातील विकराचा (एन्झाइमचा) ७४ असा आकडा आहे आणि शेजारी ४० ते १२९ अशी मर्यादा छापलेली आहे, त्यामुळे त्यावर कोणतीही खूण नव्हती. दंतवैद्यांचे म्हणणे असे की ती मर्यादा मोठ्या माणसांची आहे. वाढत्या वयात हाडे घडत असतात, त्यामुळे या वयाच्या मुलांत हा आकडा साधारणपणे १४० च्या वर असतो आणि ७४ हा कमीच धरावा लागेल. त्यांनी हायपोफॉस्फटेशिया या आजाराचे नाव उच्चारले. हे विकर कमी पडल्यास हाडांत व दातांत खनिज नीट बसत नाही, दाताच्या मुळावरचे सिमेंटम नावाचे आवरण पुरेसे तयार होत नाही, आणि म्हणून निरोगी दिसणारा दातसुद्धा जबड्यात धरून राहत नाही, एवढे मला त्यांच्या बोलण्यातून समजले. निदान मात्र त्यांनी केलेले नाही. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, एवढेच सांगितले.

माझी पहिली अडचण अशी आहे की पुढे नेमके कोणाकडे जावे हे कळत नाही. जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आधी दाखवावे, की थेट मुंबई गाठावी? माझे पती शेती पाहतात, आणि मुंबईच्या दोन-तीन फेऱ्या व्यर्थ गेल्या तर आम्हाला ते परवडणार नाही. दुसरे असे की घरात सर्वांचे म्हणणे "तिला कॅल्शियम कमी पडते, औषध सुरू करा" असे आहे आणि औषधाची बाटली आणूनही ठेवली आहे. ती सुरू करावी का?

तिसरी गोष्ट तपासणीची नाही, तरी तीच मला अधिक सलते. भाकरीचा तुकडा ती पुढच्या दातांनी तोडू शकत नाही, म्हणून कळण्याची भाकरी मी वरणात कुस्करून देते. ती खातेही, पण भाऊ कैरी चावून खातो तेव्हा त्याच्याकडे पाहत बसते. "स" आणि "श" उच्चारताना वारा निघून जातो. लग्नकार्यात एका नातेवाईक बाईंनी सर्वांसमोर तिला "म्हातारी" म्हणून हाक मारली, आणि त्या दिवसापासून ती हसताना तोंडावर हात ठेवते. जूनमध्ये तिला बालवाडीत घालायचे आहे. इतक्या लहान मुलांना कृत्रिम दात बसवतात का, आणि तिच्याशी या विषयावर काय व कसे बोलावे, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का?

प्रतिसाद

ताई, मी लहान मुलांच्या दातांवर उपचार करतो. येथे मी निदान करू शकत नाही, पण आपण ते दात जपून ठेवले हे फार चांगले केले. ती डबी प्रत्येक डॉक्टरांना दाखवा. पाच वर्षांच्या आत, मार किंवा कीड नसताना, पूर्ण मुळासह पडलेला दात हे तपासणीसाठी पुरेसे कारण आहे.

मुंबईला जाण्याआधी बरेच काम जिल्ह्यातच होऊ शकते. अल्कलाइन फॉस्फटेज पुन्हा तपासून घ्या आणि रक्त साध्या नळीत घ्यायला सांगा, कारण ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) असलेल्या नळीत हा आकडा खोटा कमी येतो. कुपोषण, जस्ताची कमतरता आणि थायरॉइडची मंदगती यांमुळेही तो खाली जातो, म्हणून एका अहवालावर थांबू नये. सोबत कॅल्शियम, फॉस्फरस, रक्तपेशींची पूर्ण मोजणी आणि मनगट व गुडघ्याचे एक्स-रे करावेत. वारंवार ताप येतो का, तोंडात फोड येतात का, तळहात-तळपायांची कातडी जाड आहे का, हेही डॉक्टरांना सांगा, कारण पांढऱ्या पेशींच्या आणि हिरड्यांच्या काही आजारांतही दात असेच लवकर पडतात. हे विकर दुसऱ्यांदाही कमी आले, तर रक्तातील ब६ जीवनसत्त्वाची पातळी (या आजारात ती वाढते) आणि एएलपीएल या जनुकाची तपासणी हा पुढचा टप्पा असतो. त्यासाठी मुंबईचे केईएम रुग्णालय योग्य ठरेल; २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात ते उत्कृष्टता केंद्र म्हणून नेमलेले आहे.

कॅल्शियमची आणि ड जीवनसत्त्वाची बाटली तूर्त उघडू नका. हा आजार असल्यास हाडे खनिज पुरेसे शोषून घेत नाहीत, आणि बाहेरून जास्त दिलेले कॅल्शियम रक्तात व मूत्रपिंडात साचू शकते. तसेच मनाची तयारी लगेच वाइटाची करू नका. अनेक मुलांत हा आजार दातांपुरताच राहतो आणि त्यांच्या कायमच्या दातांचे मूळ पुष्कळदा चांगले टिकते.

सुळे आलेले असताना पुढचे दात गेले तर जागा फारशी आक्रसत नाही, म्हणून कृत्रिम दातांची घाई जबड्यासाठी नसते. परंतु बोलणे, खाणे आणि हसणे यांसाठी काढता-घालता येणारी छोटी कवळी या वयातही बसवता येते, मूल सहकार्य करणारे असले की झाले. उरलेले दात मऊ ब्रशने, मटारच्या दाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट घेऊन तुम्हीच घासा आणि हलणारा दात कोणालाही हलवू देऊ नका.

मूळ लेखिकेचे उत्तर

आपले मनापासून आभार. बाटली कपाटात वर ठेवली आहे आणि सासूबाईंना कारण समजावून सांगितले आहे. त्यांनी ते लगेच मान्य केले आणि मुलीला "म्हातारी" म्हणणाऱ्या त्या बाईंशी मी स्वतः बोलते असेही म्हणाल्या. सोमवारी आम्ही जळगावला जात आहोत. नळीविषयी आपण सांगितलेले मी कागदावर लिहून घेतले आहे. काल झोपताना मुलीने विचारले की तिचे दात डबीत का ठेवले आहेत, तेव्हा मी सांगितले की डॉक्टरांना ते पाहायचे आहेत आणि ते पाहून तुझ्या बाकीच्या दातांना कसे जपायचे ते आपल्याला सांगणार आहेत. तिने डबी मागून घेतली, दात मोजले आणि मला परत दिली. कवळी बसवलेल्या मुलांच्या पालकांनी, मूल ती किती दिवसांत स्वीकारते आणि शाळेत काय अडचणी येतात, हे कृपया लिहावे.